वाऱ्याचे प्रकरण

कोणत्याही कसबावर लिहिलेल्या ग्रंथाची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. कारण असा ग्रंथ वाङ्मयात मोडतो, हेच मुळी आपणांस मान्य नाही. काव्य, नाटक, कादंबरी, लघुकथा, आणि फार झाले तर चरित्र व प्रवासवर्णन, एवढ्यांनाच आपण साहित्याच्या माजघरात प्रवेश देतो. शेती, सुतारकाम, स्वयंपाक, नौकानयन, मृगया यांवरील पुस्तकांस ‘उपयुक्त’ असे गोंडस बिरुद देऊन आपण ओसरीवर बसवितो, आणि त्यांचा परामर्श घेण्याचे काम त्या त्या धंद्यातील माणसांवर सोपवून मोकळे होतो. इंग्रजी वाङ्मयाने मात्र यांपैकी एका विषयास थेट देवघरापर्यंत नेले आहे. तो विषय म्हणजे गळाने मासे धरणे. आणि त्यातही पिसांची कृत्रिम माशी करून तिने मासा भुलविणे. या विषयावर त्या भाषेत जे लिहिले गेले आहे, त्याचा मराठी टीकेच्या दृष्टीने थोडा विचार करावा, व तो करताना आपल्या भंडारदऱ्याचा जलाशय डोळ्यांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

विषय ऐकताच काही वाचकांच्या ओठांवर हसू येईल. ज्या भाषेत रिकामटेकड्या माणसास ‘माशा मारीत बसला आहे’ असे म्हणतात, त्या भाषेत कृत्रिम माशी बनविण्याच्या विद्येवर गंभीरपणे लिहू लागणे हे थोडे धाडसाचेच आहे. दुसरा वर्ग म्हणेल की, हा साहेबलोकांचा षोक. त्याचे आपणांस काय? तिसरा, आणि अधिक आदरणीय, वर्ग म्हणेल की, मुक्या जिवास फसवून धरण्यात वाङ्मय ते कसले? या आक्षेपांचा विचार आम्ही यथावकाश करणारच आहो. आधी ही विद्या काय आहे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण तिच्या मर्मातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

साध्या गळाला शिशाचा तुकडा किंवा जड आमिष बांधलेले असते, आणि टाकणारा त्या वजनाच्या जोरावर दोर दूर फेकतो. वजन पुढे जाते व दोर त्याच्यामागून ओढला जातो. माशीच्या गळाचे नेमके याच्या उलट आहे. बारीकशा आकड्यावर पक्ष्याचे पीस, थोडी लोकर व रेशीम गुंडाळून जी माशी करतात, तिला वजन असे नसतेच. तेव्हा फेकावयाचा तो दोर, माशी नव्हे. म्हणून दोरच वजनदार करतात. लवचिक काठीने तो आधी पाठीमागे हवेत पसरवितात, तो तेथे सरळ होताच पुढे झोकतात, आणि मग हवेत पडलेला त्याचा वळसा हळूहळू उलगडत जाऊन शेवटी माशी पाण्यावर अलगद उतरते. खरा कीटक जसा उतरावा तशी ती उतरली, तरच मासा तिच्याकडे पाहतो. दोर थपकन आपटला, तर तो खोल निघून जातो. आता हे ध्यानात घ्यावे की, हा सारा खेळ हवेत चालतो. जोपर्यंत दोर हवेत आहे, तोपर्यंत तो हवेच्या स्वाधीन आहे. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी जाणतात. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. निवांत सकाळी जी गोष्ट आठ दिवसांत साधते, ती सोसाट्याच्या वाऱ्यात साधावयास कित्येक वर्षे लागतात.

यावरून आम्ही एक कसोटी सुचवितो. या विषयावरील कोणताही ग्रंथ हाती आला की, त्यातील वाऱ्याचे प्रकरण प्रथम उघडावे. माशांची वर्णने, नदीकाठची पहाट, कुरणातील फुले, ही सर्व लेखक घरी बसूनही लिहू शकेल. वाऱ्याविषयी मात्र जो पाण्यावर उभा राहिला नाही त्याला लिहिता येणार नाही, आणि जो उभा राहिला त्याला खोटे लिहिता येणार नाही. प्रत्येक कसबात असा एक वारा असतोच. शेतकऱ्याला अवर्षण, सुताराला लाकडातील गाठ, गवयाला बसलेला गळा. प्रतिकूल गोष्टीविषयी ग्रंथकार काय म्हणतो, यावरच त्याचा ग्रंथ केवळ मनोरंजन आहे, केवळ नियमांची जंत्री आहे, की वाङ्मय आहे, हे ठरते.

या कसोटीस प्रथम उभा करावयाचा तो आयझॅक वॉल्टन. त्याचा ‘द कम्प्लीट अँगलर’ हा ग्रंथ १६५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ग्रंथकाराने साठी गाठली होती. तो लंडनमधील एक व्यापारी. विद्यापीठाचे शिक्षण त्याला नव्हते. मासे धरणारा व त्याचा शिष्य यांच्या संवादरूपाने त्याने हा ग्रंथ रचिला, आणि आज इंग्रजी गद्याच्या अभ्यासात त्याचे स्थान अढळ आहे. त्याची प्रसन्नता, त्याचे सौजन्य, वाटेत भेटलेल्या गवळणीशी बोलण्याची त्याची तऱ्हा, ही सर्व मनोहर आहेत यात शंका नाही. परंतु वाऱ्याविषयी वॉल्टन काय सांगतो? तो सांगतो की, वारा पाठीवर घ्यावा आणि सूर्य समोर ठेवावा. सल्ला चुकीचा नाही. सूर्य समोर असला की माणसाची सावली पाण्यावर पडत नाही, आणि त्या काळी घोड्याच्या केसांचा हलका दोर लांब काठीच्या टोकास बांधीत असत, तो पाठीच्या वाऱ्यावाचून पुढे जाणेच कठीण. परंतु वारा पाठीवर घेता येत नसेल तर काय करावे, याचा ऊहापोह वॉल्टन करीत नाही. पाऊस आला की त्याची पात्रे झाडाखाली जातात, संध्याकाळ झाली की पथिकाश्रमात जाऊन पेय घेतात व गाणी म्हणतात.

हे केवळ आळसाने झाले, असे आम्हांस वाटत नाही. ग्रंथ निघाला त्याच्या चारच वर्षे आधी, १६४९ साली, इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झाला होता. वॉल्टन राजपक्षाचा. देशात असा झंझावात चालू असताना ज्याला कोठेतरी शांत पाणी हवे होते, अशा माणसाने हे पुस्तक लिहिले आहे. प्रतिकूल वारा या पुस्तकातून त्याने जाणूनबुजून वगळला, आणि त्यामुळेच ते गोड झाले. आमच्या मते वॉल्टनचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही येथेच आहेत. तो विसाव्याचा ग्रंथ आहे, विद्येचा नव्हे. विद्येचा भाग पुढे १६७६ साली त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने जोडला, आणि डर्बीशायरच्या डव्ह नदीवर निर्मळ पाण्यात माशीने ट्राउट कसा धरावा, याचे त्यातील विवेचन वॉल्टनपेक्षा कितीतरी अधिक काटेकोर आहे. साहित्याच्या इतिहासात मात्र कॉटन मागे राहिला व वॉल्टन पुढे गेला. वाचकास विद्येपेक्षा विसावा अधिक प्रिय असतो, याचा हा पुरावा म्हणावा.

एकोणिसाव्या शतकात या विषयास शास्त्राचे रूप आले. दक्षिण इंग्लंडात टेस्ट व इचेन या नद्या खडूच्या प्रदेशातून वाहतात. त्यांचे पाणी आरशासारखे. तेथे फ्रेडरिक हॅलफर्ड याने १८८६ साली तरंगत्या माश्या बनविण्यावर व १८८९ साली त्या वापरण्यावर ग्रंथ लिहिले. त्याचा दंडक असा की, मासा वर येताना आधी पाहावा, तो कोणता कीटक खात आहे हे ओळखावे, त्या कीटकाची हुबेहूब प्रतिकृती घ्यावी, आणि ती प्रवाहाच्या वरच्या अंगाने त्याच्यापुढे तरंगत सोडावी. याखेरीज दुसरी रीत नाही. हा ग्रंथकार कर्मठ वैयाकरणासारखा आहे. त्याच्या सूत्रांत अपवादाला जागा नाही. पण वारा म्हणजे अपवादांचा राजा. पाण्यावर वारा सुटला की पृष्ठभाग मोडतो, मासा वर आलेला दिसत नाही, आणि मग दंडकातील पहिली पायरीच निखळते. १९१० साली स्क्यूज याने त्याच इचेनच्या काठी उभे राहून, पाण्याखालच्या माशीचाही उपयोग करावा, असे विनयाने पण ठामपणे प्रतिपादिले, आणि एका लहानशा जगात मोठे रण माजले. सर एडवर्ड ग्रे, जे १९०५ ते १९१६ पर्यंत इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री होते, त्यांनीही १८९९ साली या विषयावर एक सुंदर पुस्तक लिहिले आहे. ज्यांच्या कारकीर्दीत महायुद्ध पेटले, त्यांनी आपली सर्वांत प्रांजळ वाक्ये माशांसंबंधी लिहून ठेवावी, ही गोष्ट राजकारणाच्या अभ्यासकांनी मनन करण्याजोगी आहे.

आता ही पुस्तके बगलेत मारून भंडारदऱ्यास जाऊ. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९१० साली धरण बांधावयास घेतले व ते १९२६ साली पुरे झाले. तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला दिलेले आहे. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी भिंतीने सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी अडविले, आणि खालच्या अंगाची कोरडी शेते उसाने हिरवी झाली. जलाशयाची भिंत पूर्वेच्या बाजूस, शेंडी गावाजवळ. पाणी पसरले आहे ते पश्चिमेकडे व नैर्ऋत्येकडे, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळापर्यंत. उत्तरेस १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, नैर्ऋत्येस रतनगड, आणि पश्चिमेस घाटघर, जेथे सह्याद्रीचा कडा तुटून कोकण एकदम पायाखाली येते. समुद्रावरून निघालेला वारा या कड्यावर चढतो, घाटघरच्या खिंडीत आवळला जातो आणि मोकळ्या पाण्यावर सुटतो. पावसाळ्यात तर धबधब्याचे पाणी खाली पडण्याऐवजी वर उडताना दिसते. उन्हाळ्यातही सकाळी काच वाटणारे पाणी दुपारी कातडीसारखे सुरकुततें आणि भिंतीकडे धावू लागते.

या काठावर माशीचा गळ घेऊन उभा राहणारा माणूस वाऱ्याच्या तीन रूपांना सामोरा जातो. पाठीचा वारा हा पहिला. वॉल्टनने याचीच शिफारस केली आहे. पण तो वाटतो तितका सोपा नाही. दोर आधी मागे पसरावा लागतो, आणि मागे पसरताना तो वाऱ्याच्या तोंडी जातो व कोसळतो. म्हणून मागची फेक जोरदार व खालून करावी, पुढची उंच सोडावी, म्हणजे उरलेले काम वारा करतो. कुशीचा वारा हा दुसरा, व सर्वांत धोक्याचा. उजव्या हाताच्या माणसास तो उजवीकडून आला, तर आकडा पाण्याऐवजी त्याच्याच कानात किंवा डोळ्यात जावयाचा. म्हणून दोर डाव्या खांद्यावरून न्यावा, नाहीतर पाठ फिरवून मागच्या फेकीनेच माशी टाकावी. तिसरा तोंडावरचा वारा. यात मागची फेक उंच, कारण तेथे वारा साह्य करतो, आणि पुढची फेक पाण्याला लागून, कारण पाण्याच्या अगदी जवळ वाऱ्याचा जोर थोडा कमी असतो. दोराचा वळसा जितका अरुंद, तितका तो वाऱ्याला चिरतो. वळसा रुंद झाला की तो शिडासारखा भरतो. दोर थोडा जड घ्यावा, माशीजवळचा बारीक तंतू आखूड करावा, आणि दूर फेकण्याचा मोह सोडावा.

येथवर ही सारी यंत्रविद्या झाली. पण तिच्या पोटात एक विलक्षण गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही वाचकांस एवढ्या तपशिलातून नेले. वारा पाण्याचा वरचा थर आपल्या दिशेने ढकलीत नेतो. त्या थराबरोबर काठावरून उडालेले कीटक, नाकतोडे, मुंग्या, बिया, सारे काही वाहत जाते व ज्या काठावर वारा आदळतो त्या काठाशी साचते. तेव्हा खाद्य तेथे, आणि खाद्यामागून मासा तेथे. भंडारदऱ्याचा विचार केला, तर पश्चिमेचा वारा हे सर्व भिंतीच्या बाजूस आणून टाकणार. पण त्या काठावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या तर वारा थेट तोंडावर! म्हणजे जेथे फेकणे सर्वांत सोपे तेथे मासा सर्वांत कमी, आणि जेथे मासा आहे तेथे फेकणे सर्वांत अवघड. शिवाय लाटांनी मोडलेल्या पाण्यातून माशाला वरचा माणूस नीट दिसत नाही. त्यामुळे तो निर्धास्त होऊन अगदी काठाशी येतो, आणि दूर फेकण्याची गरजच उरत नाही. ज्या वाऱ्याने विद्या अडविली, त्यानेच मासा जवळ आणून दिला. हे ज्या ग्रंथात सांगितलेले असेल, तो ग्रंथ खरा. आणि ज्यात केवळ ‘वारा पाठीवर घ्यावा’ एवढेच असेल, तो गोड असला तरी अर्धा.

आयर्लंडातील लोकांनी तर याच्याही पुढे मजल मारली. तेथील विस्तीर्ण सरोवरांवर ते लांब काठीला अत्यंत हलका, पिंजलेल्या रेशमाचा दोर बांधतात, त्याच्या टोकास जिवंत माशी लावतात, व नावेत बसून दोर वाऱ्यावर सोडून देतात. फेकणे असे नाहीच. वारा दोराला पतंगासारखा धरून ठेवतो व माशी लाटांच्या माथ्यावर नाचत राहते. निवांत दिवशी हे लोक घरी बसतात. वारा सुटला की नावा काढतात. ही रीत कोण्या पंडिताने शोधिली नाही. ती सरोवरावरच्या नावाड्यांची व शेतकऱ्यांची, आणि ग्रंथकारांनी ती त्यांच्यापासून घेतली. इंग्रजी भाषेचे मोठेपण आम्हांस येथे दिसते. नावाड्याच्या अनुभवाला ग्रंथात जागा मिळाली.

आणि आपल्या भाषेत काय झाले? येथे आम्ही विषयाच्या गाभ्याशी येतो. कर्नल साईक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनमध्ये हिंडला, आणि १८३९ च्या सुमारास येथील माशांची शास्त्रीय वर्णने त्याने प्रसिद्ध केली. त्यात त्याने एक शहाणपण दाखविले. नव्या जातींस नावे देताना मुळामुठा-भीमेच्या काठच्या कोळ्यांच्या तोंडचीच नावे त्याने उचलली. म्हणून दख्खनच्या महसीर माशाच्या शास्त्रीय नावात आजही ‘खुद्री’ हा शब्द आहे, आणि ‘कोलस’, ‘टाकरी’, ‘सींगटी’, ‘रोहटी’ हे मराठी शब्द लॅटिनचा पोशाख चढवून जगभरच्या संग्रहालयांत मानाने बसले आहेत. पुढे १८७३ साली मद्रासच्या मुलकी खात्यातील हेन्री सलिव्हन थॉमस याने ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. त्यात महसीराच्या बळाचे वर्णन तर आहेच, पण नद्यांतील पिलांचा नाश थांबविण्याविषयीची खरी कळकळही थॉमस या अधिकाऱ्याने वेळोवेळी दाखविली. तथापि हे साहेबाचे पुस्तक आहे. काठावरचा आपला माणूस त्यात मदतनीस म्हणून येतो, जाणकार म्हणून क्वचित. सारांश, कोळ्यांचे शब्द लॅटिनने घेतले, कोळ्यांच्या नद्या इंग्रजीने घेतल्या; मराठी ग्रंथकाराने त्यांतले काय घेतले?

आपल्या परंपरेत गळ नाही असे नाही. उलट तो पदोपदी आहे. परंतु तो नेहमी माशाच्या बाजूने पाहिलेला आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत मासा हा एक गुरू. जिभेच्या लोभाने गळाला लागून प्राण गमावणारा. नाथांनी आपल्या भागवतटीकेत हाच विषय मराठी माणसाच्या घराघरांत पोचविला. आमिष म्हणजे विषय, गळ म्हणजे काळ, आणि मासा म्हणजे जीव, हे रूपक आपल्या रक्तात इतके भिनले आहे की, काठी धरणाऱ्या माणसाकडे पाहण्याचे आपणांस कधी सुचलेच नाही. बोलीतही तसेच. कोणी ‘गळ घालतो’, कोणी ‘गळाला लागतो’. पण गळ घालणाऱ्याचे कसब काय, हे वाक्प्रचार सांगत नाहीत. या रूपकाची खोली वॉल्टनला साधलेली नाही, हे आम्ही अभिमानाने म्हणू. ज्याने जगाकडे माशाच्या डोळ्यांनी पाहिले, त्याने अधिक पाहिले. पण त्या पाहण्यात हात, काठी, दोर, पाणी व वारा हे सर्व विरघळून गेले, हेही खरे.

एक मोठा अपवाद आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठीच्या अगदी उंबरठ्यावर. मराठी पद्यरचनेचे फार जुने नमुने ज्या ग्रंथात सापडतात, तोच हा. त्यातील विनोदांच्या प्रकरणांत ‘मत्स्यविनोद’ आहे, व तेथे माशांच्या जाती, त्यांचे खाणे, गळ, दोर व काठी यांचे सविस्तर विवेचन आहे. वॉल्टनच्या आधी पाचशे वर्षे हे लिहिले गेले! बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने १९२५ पासून हा ग्रंथ खंडशः छापून काढला, हे त्या संस्थानचे मोठेच ऋण. परंतु हा राजाने राजासाठी लिहिलेला विनोद आहे, आणि तो संस्कृतात आहे. त्याचा वारसा मराठीने चालविला असता, तर नवल घडले असते. तसे घडले नाही.

अलीकडच्या काळात १९६५ साली पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. मूळ ग्रंथ १९५२ चा. त्यात दोर आहे, हातांवरचे वळ आहेत, समुद्राचा प्रवाह व व्यापारी वारा आहे. आणि ही सर्व कथेची अलंकरणे नसून तिची हाडे आहेत. मराठी वाचकाने ती कथा मनापासून स्वीकारली. यावरून इतके तरी सिद्ध होते की, कसबाचा तपशील मराठीला पेलत नाही किंवा मराठी वाचकास रुचत नाही, असे नाही. क्यूबाच्या कोळ्याचा तपशील आपण आदराने वाचतो. आपल्या कोळ्याचा तपशील लिहावयास मात्र कोणी बसत नाही, एवढाच काय तो भेद.

आता आक्षेपांकडे वळू. जीवहिंसेचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. देहू-आळंदीस इंद्रायणीच्या डोहातील मासे लोकांनी श्रद्धेने राखले, वैतरणेच्या काठी टिळसे येथे देवळाच्या आश्रयाने राखले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने कित्येक दशके महसीराची पिले वाढवून ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडली. माशीच्या गळाचे आजचे पुष्कळसे उपासकही धरलेला मासा हळुवारपणे पुन्हा पाण्यात सोडतात. तरीही कोणी म्हणेल की, खेळासाठी पीडा देणे अयोग्यच, तर त्याच्याशी आम्ही वाद घालणार नाही. कारण आमच्या वाचकांनी काठ्या घेऊन भंडारदऱ्यास धावावे, हा या लेखाचा हेतूच नाही. तेथील पाण्यात ट्राउट नाही, आणि त्या काठावरचे महादेव कोळी हे, नावावरून कोणाचा गैरसमज होवो, भाताची व नागलीची शेती करणारे डोंगरी लोक आहेत. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरणे हा त्यांच्या जीवनाचा एक भाग, व्यवसाय नव्हे. त्यांना विलायती माशीची गरज नाही.

साहेबी षोकाचा आक्षेप आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर आक्षेपकावरच उलटते. हा षोक साहेबी राहिला, कारण त्याचे वाङ्मय साहेबाने लिहिले. वाऱ्यासंबंधी साहेबाला जे ठाऊक होते, त्याहून शेंडीच्या किंवा रतनवाडीच्या माणसास कमी ठाऊक असेल, हे संभवत नाही. कोणत्या डोंगरावर ढग टेकला म्हणजे दुपारी पाणी खवळेल, कोणत्या खाडीत नाव बांधावी, हे त्याला जन्मापासून कळते. पण हे ज्ञान तोंडी आहे, आणि तोंडी ज्ञानाचे आयुष्य माणसाच्या आयुष्याएवढे. धरणाखाली जी शिवारे गेली, त्यांच्याबरोबर त्यांतल्या कित्येक जागांची नावेही बोलण्यातून गेली असतील. आता त्या काठचे तरुण नाशिक-पुण्यास शिकावयास व नोकरीस जातात, हे चांगलेच आहे. परंतु जाताना ते बोलीतले शब्द मागे ठेवून जातात, आणि ते शब्द उचलून घेणारी लेखणी काठावर नाही.

शब्द उचलले तर काय होते, याचे एक उदाहरण पुरे. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यास किनाऱ्यावरचे खलाशी व कोळी मतलई म्हणत आले. कोणा शहाण्या भूगोलकाराने तो शब्द पाठ्यपुस्तकात घेतला, आणि आज ज्याने समुद्र पाहिलेला नाही असा विदर्भातील मुलगाही ‘खारे वारे व मतलई वारे’ यांचा फरक सांगतो. एका शब्दाने एक अनुभव साऱ्या महाराष्ट्राचा झाला. वनाधिकारी म्हणून नोकरी करीत असता मारुती चितमपल्ली यांनी विदर्भातील रानांत राहणाऱ्या लोकांच्या तोंडचे शब्द असेच वेचले, व त्या शब्दांनी मराठी गद्याला एक नवे अरण्य मिळवून दिले. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील जलाशयांना, त्यांवरील वाऱ्यांना व त्या वाऱ्यात काम करणाऱ्या हातांना असा लेखक अद्याप मिळावयाचा आहे.

त्या लेखकाने वॉल्टनचे अनुकरण करू नये, अशी आमची सूचना आहे. इंग्रजी शिकलेल्या आमच्यासारख्यांना वॉल्टन फार लवकर आवडतो, कारण त्याचा वारा सदैव पाठीवर असतो आणि आमच्या शिक्षणानेही आम्हांस तीच सवय लावली आहे. जेथे वारा अनुकूल, जेथे शब्द तयार, जेथे आधी कोणी लिहून ठेविले आहे, तेथेच आम्ही सुखाने लिहितो. परंतु भंडारदऱ्याच्या पाण्याने जो धडा घालून दिला तो निराळा आहे. खाद्य समोरच्या वाऱ्याच्या काठावर साचते. तेथे फेक आखूड करावी लागते, दोर जड घ्यावा लागतो, डौल सोडावा लागतो. अशा फेकीत शोभा थोडी कमी दिसेल. पण मासा तेथेच आहे.

असे पुस्तक कोणी लिहिले, मग ते माशांवर असो, नावेवर असो, नांगरावर असो की चुलीवर, तर मराठी टीकाकाराने ते ओसरीवर न बसविता माजघरात घ्यावे, आणि त्यातील वाऱ्याचे प्रकरण प्रथम वाचावे. ते जर खरे उतरले असेल, तर बाकीच्या प्रकरणांतील लहानसहान दोषांबद्दल आम्ही तक्रार करणार नाही.